पैकीच्या पैकी १५८.३

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या खेळाडूने, दहा पास फेकले, दहाही झेलले गेले, पण एकूण यार्ड शून्य. संघ जागचा हलला नाही. दुसऱ्याने दहा फेकले, पाचच झेलले गेले, पण संघ ७५ यार्ड पुढे सरकला. टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) कुणाचंच नाही, इंटरसेप्शनही (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) नाही. आता पासर रेटिंगला, म्हणजे पास टाकणाऱ्याची कामगिरी एका आकड्यात सांगणाऱ्या सूत्राला विचारा, यांतला चांगला कोण. पहिल्याला मिळतात ७९.२, दुसऱ्याला ७५.०. बेरीज-वजाबाकी तपासून घ्या, चूक सापडणार नाही. सूत्रच तसं आहे.

हे परीक्षण त्या सूत्राचं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगने १९७३ पासून चालवलेलं हे मोजमाप फुकट आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, आणि रविवारी रात्री साडेदहाचा सामना (अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की साडेअकराचा) बघून सोमवारी सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये डोळे चोळत चढणाऱ्यांच्या वादात हमखास येतं. आता त्याला दुसरा उपयोगही फुटला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट मंजूर झालं, ते आपल्याकडे गाजलं. त्याच वेळी फ्लॅग फुटबॉलही मंजूर झालं. पाच-पाच जणांचा, कमरेला पट्ट्या लावून खेळायचा हा प्रकार आपल्याकडची पोरं खेळू लागली की कुणीतरी संगणकावर स्प्रेडशीट उघडतं आणि टीव्हीवर दिसलेलं रेटिंग तसंच्या तसं उचलतं. गडबड तिथून सुरू होते.

निकाल आधीच सांगितलेला बरा. एनएफएल बघणाऱ्याला एका नजरेचा अंदाज म्हणून चालेल, पाचपैकी अडीच तारे. नेरुळ-खारघरच्या मैदानावर किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या टर्फवर स्वतःच्या संघाचा क्वार्टरबॅक निवडायला वापरणार असाल, तर एक तारा.

सूत्राचे चार भाग आहेत. पहिला: पूर्ण झालेले पास भागिले फेकलेले पास, त्यातून ०.३ वजा, गुणिले ५. दुसरा: यार्ड भागिले फेकलेले पास, त्यातून ३ वजा, गुणिले ०.२५. तिसरा: टचडाऊन भागिले फेकलेले पास, गुणिले २०. चौथा: २.३७५ मधून (इंटरसेप्शन भागिले फेकलेले पास, गुणिले २५) वजा. प्रत्येक भाग शून्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि २.३७५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. चारांची बेरीज भागिले ६, गुणिले १००. म्हणून पैकीच्या पैकी १५८.३ होतात, १०० नाही, आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच सुरू होतो.

शीटमध्ये मांडताना चार वेगळे सेल ठेवा. एकाच सेलमध्ये सगळं कोंबलं की चूक शोधता येत नाही. वरची मर्यादा ‘मिन’ने आणि खालची ‘मॅक्स’ने लावायची, लोक वरची लावतात आणि खालची विसरतात. बारा पासमध्ये तीन इंटरसेप्शन झाले की चौथा भाग उणे ३.८७५ निघतो आणि बाकी तिन्ही भाग खाऊन टाकतो. शीट बरोबर आहे का हे बघायला दोन चाचण्या पुरतात. ४० पास, ३१ पूर्ण, ५०० यार्ड, ५ टचडाऊन, शून्य इंटरसेप्शन टाका: १५८.३ यायला हवं. मग १० पास टाका आणि बाकी सगळीकडे शून्य: ३९.६ यायला हवं.

ही दुसरी चाचणी नीट बघा. सामनाभर प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला, एकही झेलला गेला नाही, तरी ३९.६ गुण खिशात, निव्वळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात न दिल्याबद्दल. परीक्षेला येऊन कोरा पेपर दिला तरी नीटनेटकेपणाचे मार्क मिळावेत तसं. आणि एखाद्या क्वार्टरबॅकचं रेटिंग ३० आलं, तर त्याने दिवसभर चेंडू गवतात फेकले असते तर रेटिंग सुधारलं असतं. (पंच मुद्दाम आपटलेल्या चेंडूला दंड करतील, तो भाग निराळा.)

सूत्र असं का झालं, याला कारण आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याआधी लीगमध्ये पासरची क्रमवारी इतरांच्या तुलनेत लागायची. प्रत्येक बाबतीत कितवा क्रमांक आला त्यांची बेरीज, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या क्वार्टरबॅकचा सामना संपेपर्यंत तुमचा आकडा ठरत नसे. आयुक्त पीट रोझेल यांना स्वतःच्या पायावर उभं राहणारं माप हवं होतं. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ यांच्या समितीने ते बसवलं. त्या काळाच्या आकड्यांवरून प्रत्येक भागात सर्वसाधारण कामगिरीला १ गुण पडेल असे स्थिरांक निवडले. चार भागिले सहा, म्हणजे सर्वसाधारण रेटिंग ६६.७. त्या वेळेपुरतं काम चोख होतं. मात्र ०.३, ३, २० आणि २५ हे आकडे निसर्गनियम नाहीत. ते त्या लीगचे, त्या दशकाचे, १०० यार्डांच्या त्या मैदानाचे आहेत.

पुढे खेळ बदलला. १९७८ मध्ये बचाव करणाऱ्यांना रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) ढकलण्यावर बंधनं आली, पासरचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पुढे करून प्रतिस्पर्ध्याला रोखायची मुभा मिळाली, पासिंग सोपं होत गेलं. आता लीगची सरासरी नव्वदीच्या आसपास असते. स्थिरांक तेच. म्हणून जुन्या काळच्या दिग्गजांपैकी जो नॅमथचं कारकिर्दीचं रेटिंग ६५.५ आणि जॉनी युनायटसचं ७८.२ दिसतं, आणि आज बाकावर बसणारा राखीव खेळाडू त्यांच्या वर जाऊन बसतो. ॲरन रॉजर्सने २०११ मध्ये १२२.५ केलं, ते थोरच. पण ते नॅमथच्या आकड्याशेजारी ठेवणं म्हणजे साठ षटकांच्या सामन्यातला गावसकरांचा स्ट्राइक रेट आजच्या टी-ट्वेंटीशेजारी ठेवणं.

खरी मेख गुणाकाराच्या आकड्यांत आहे. ते यार्डांत बदलून बघितलं की सूत्र काय म्हणतंय ते उघडं पडतं. एका यार्डाची किंमत ०.२५. पूर्ण झालेल्या पासची ५, म्हणजे २० यार्ड. टचडाऊनची २०, म्हणजे ८० यार्ड. इंटरसेप्शनची २५, म्हणजे उणे १०० यार्ड. थोडक्यात, नुसता झेल पूर्ण झाला की वीस यार्डांचं बक्षीस, चेंडू पुढे जावो न जावो. दोन यार्डांच्या छोट्या पासवर टचडाऊन झालं की क्वार्टरबॅकच्या नावावर शंभरावर यार्डांचं पुण्य. त्याच क्वार्टरबॅकने ७० यार्डांचा पास टाकला, रिसीव्हर गोलरेषेपासून एका यार्डावर पडला आणि पुढच्या खेळीत रनिंग बॅकने (चेंडू घेऊन पळणाऱ्याने) चेंडू आत नेला, तर टचडाऊनचे ते ८० यार्ड कुणाच्याच पासिंगच्या खात्यात नाहीत. काम एकाचं, हार दुसऱ्याच्या गळ्यात.

आता हे फ्लॅग फुटबॉलच्या मैदानावर आणा. आंतरराष्ट्रीय नियमांत मैदान ५० यार्ड लांब, दोन्ही टोकांना गोलरेषेमागे दहा-दहा यार्डांचे एंड झोन, रुंदी २५. सुरुवात स्वतःच्या ५ यार्डांवरून, चार डाऊनमध्ये (प्रयत्नांत) मध्यरेषा गाठायची, मग पुढच्या चार डाऊनमध्ये गोलरेषा. म्हणजे अख्खी चढाई ४५ यार्डांची. आणि सूत्रात एका टचडाऊनचा बोनस ८० यार्डांचा! पूर्ण मैदानापेक्षा मोठा बोनस, आणि दंड दोन मैदानांएवढा. यात काही बरोबर येईल अशी अपेक्षाच चूक आहे.

त्यावर मर्यादा आणखी घाव घालतात. टचडाऊनचा भाग ११.८७५ टक्क्यांना छताला लागतो आणि इंटरसेप्शनचा ९.५ टक्क्यांना जमिनीला. एनएफएलमध्ये पूर्ण हंगामात इतकं टोक कुणी गाठत नाही, म्हणून तिथे मर्यादा खुपत नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांच्या फ्लॅग सामन्यात मात्र दर सामन्याला गाठलं जातं. एक स्कोअरशीट घ्या: १८ पास, १४ पूर्ण, ९६ यार्ड, ३ टचडाऊन, २ इंटरसेप्शन. पहिला भाग २.३८९ येतो, तो २.३७५ वर अडतो. दुसरा ०.५८३. तिसरा ३.३३३, पुन्हा २.३७५. चौथा उणे, म्हणून शून्य. बेरीज ५.३३३, रेटिंग ८८.९. आता इंटरसेप्शन दोनऐवजी चार करा, म्हणजे पूर्ण न झालेला प्रत्येक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात. रेटिंग? ८८.९. बरं, इंटरसेप्शन दोनच ठेवा आणि टचडाऊन तीनऐवजी सहा करा. ८८.९. एकाने संघ बुडवला, दुसऱ्याने दुप्पट टचडाऊन केली, आणि काटा हललेला नाही. पहिल्या दोन इंटरसेप्शननंतरचे सगळे मोफत, हे एकदा क्वार्टरबॅकला कळलं तर तो काय करेल याचा विचार करा.

सॅकबद्दल, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जाण्याबद्दल, या सूत्राचं मौन सर्वांत महाग पडतं. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सच्या पहिल्याच हंगामात डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला, ४११ यार्ड गेले. त्याचं रेटिंग ६२.८. त्या ६२.८ मध्ये ७६ सॅकपैकी एकाचाही मागमूस नाही. त्याला एकदाही कुणी हात लावला नसता तरी तेवढ्याच पासवर रेटिंग ६२.८च आलं असतं. वर एक उलटा न्याय आहे. दबाव आला की शहाणा क्वार्टरबॅक चेंडू बाहेर फेकून देतो, यार्ड वाचवतो. सूत्र त्याला अपूर्ण पास म्हणून कापतं. दुसरा चेंडू कवटाळून आठ यार्ड मागे पडतो. सूत्र त्याच्याकडे बघतही नाही. घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम आपटलेला चेंडू, स्पाइक, हाही अपूर्ण पासच.

एनएफएलच्या बाजूने बोलायला जागा आहे. तिथे सॅकचा दोष निम्मा तरी अडवणाऱ्या पाच लाइनमनचा असतो, तो क्वार्टरबॅकच्या माथी मारावा का, हा खरा प्रश्न. फ्लॅगमध्ये ही सबब संपली. अडवणं नियमातच नाही. सेंटर चेंडू मागे देतो आणि स्वतः पास घ्यायला पळतो. रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) सात यार्डांवरून सुटतो आणि मध्ये कुणीही नसतं. क्वार्टरबॅकला किती वेळ आहे हे त्याला आधीच माहीत असतं. पट्टी खेचली गेली (फ्लॅगमधला सॅक हाच) तर दोष बहुतांशी त्याचा, नाहीतर उशिरा वळणाऱ्या रिसीव्हरचा. वीस यार्डांत मध्यरेषा गाठायची असताना सहा यार्ड मागे जाणं म्हणजे चारपैकी निदान दोन डाऊन वाया. हे न मोजणारं माप फ्लॅगसाठी कामाचं नाही.

गंमत अशी की पासर रेटिंगवरची सर्वांत गाजलेली तक्रार फ्लॅगमध्ये आपोआप मिटते. मायकेल विकने २००६ मध्ये पळून १,०३९ यार्ड काढले आणि रेटिंग आलं ७५.७, कारण पळणं यात धरतच नाहीत. लीग स्वतःही सांगते की हे पास टाकणाऱ्याचं रेटिंग आहे, क्वार्टरबॅकचं नाही. नावातच ‘पासर’ आहे. ऐकतो कोण. फ्लॅगमध्ये सेंटरकडून चेंडू घेतलेल्या क्वार्टरबॅकला तो घेऊन रेषेपलीकडे पळता येतच नाही, त्यामुळे ही उणीव तिथे उणीव उरत नाही.

सुटलेले झेल, रिसीव्हरच्या बोटांना लागून उडालेले आणि मग प्रतिस्पर्ध्याने पकडलेले चेंडू, एक यार्डाचा पास घेऊन रिसीव्हरने स्वतः काढलेले चाळीस यार्ड: हे सगळं क्वार्टरबॅकच्याच वहीत जातं. क्रिकेटवाल्यांना हे नवं नाही, स्लिपमध्ये सुटलेला झेल गोलंदाजाच्या आकड्यांतही दिसत नाही. तिथे निदान चार षटकांनी पुन्हा संधी येते. इथे १८ पासच्या सामन्यात दोन सुटलेले झेल म्हणजे अकरा टक्के.

आणि एक चूक, जी सूत्राची नसून वापरणाऱ्याची, पण इतकी सर्रास की लिहायलाच हवी. सामन्या-सामन्याच्या रेटिंगची सरासरी काढू नका. समजा पहिल्या सामन्यात शेवटी उतरलेल्या खेळाडूने ३ पास टाकले, तिन्ही पूर्ण, ६० यार्ड, एक टचडाऊन: १५८.३. दुसऱ्या सामन्यात पूर्ण वेळ खेळून ३० पैकी १५, १५० यार्ड, टचडाऊन शून्य, दोन इंटरसेप्शन: ३६.८. दोन्हींची सरासरी ९७.६, झकास. मूळ आकडे एकत्र करून सूत्रात घातले तर ५८.९. जवळजवळ चाळीस गुणांचा फरक, आणि निवड समितीच्या कागदावर पहिलाच आकडा छापला जातो. एकूण पास, एकूण यार्ड, एकूण सगळं, मगच भागाकार.

पर्याय काय आहेत? कॉलेज फुटबॉलचं सूत्र वेगळं आहे: यार्ड गुणिले ८.४, टचडाऊन गुणिले ३३०, पूर्ण पास गुणिले १००, इंटरसेप्शन गुणिले २०० वजा, सगळं भागिले पास. मर्यादा नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला मोफत इंटरसेप्शनचा प्रकार होत नाही. सॅक तिथेही नाहीत, ते कॉलेजात पळण्याच्या खात्यात उणे लागतात. इंटरनेटवर कुणाचं रेटिंग १७० दिसलं तर ते या सूत्राचं, १५८.३ च्या मापाशी त्याचा काही संबंध नाही.

ईएसपीएनने २०११ मध्ये टोटल क्यूबीआर आणलं. शून्य ते शंभर, सॅक धरतं, पळणं धरतं, फंबल (हातून सुटलेला चेंडू) धरतं, परिस्थिती धरतं. कागदावर हवं ते सगळं. पण नेमकं सूत्र उघड नाही. त्याच वर्षी टिम टिबो हा क्वार्टरबॅक उत्तरार्धात उतरून १० पैकी ४ पास, ७९ यार्ड करून गेला आणि त्याच आठवड्यात ३९ पैकी २६, ३९६ यार्ड केलेल्या रॉजर्सच्या पुढे दिसला, तेव्हा बराच गदारोळ झाला. टिबोने पळून केलेलं काम त्यात धरलं होतं, त्यामुळे ते अगदीच वेडगळ नव्हतं. फक्त कुणालाच घरी बसून पडताळता येईना. ज्या वाण्याचा तराजू पडद्यामागे असतो त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रो फुटबॉल फोकसची माणसं प्रत्येक खेळी बघून उणे २ ते अधिक २ असे अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने गुण देतात. सुटलेला झेल तिथे क्वार्टरबॅकला मारत नाही, पण त्यासाठी अनेक कोनांचं चित्रण आणि पगारी माणसं लागतात. खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवून झेलाची शक्यता काढणारी एनएफएलची यंत्रणा तर आपल्यासाठी चंद्रावरची गोष्ट.

अपेक्षित गुणांचं माप, म्हणजे ईपीए, मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटतं. कल्पना साधी: या डाऊनला, इतकं अंतर बाकी असताना, या जागेवरून संघ सरासरी किती गुण काढतो? खेळीनंतर तो आकडा किती बदलला? तिसरा डाऊन, बारा यार्ड हवे, पास आठ यार्डांचा पूर्ण झाला. पासर रेटिंग शाबासकी देतं, ईपीए वजा करतं. शेवटच्या षटकात पंधरा हव्या असताना घेतलेल्या एकेरीसारखं. एनएफएलचा १९९९ पासूनचा खेळीनिहाय डेटा एनएफएलफास्टआर नावाच्या मोफत पॅकेजमधून मिळतो. ऐरोलीच्या आयटी पार्कात दिवसभर आर किंवा पायथन चालवणाऱ्याला तो शनिवारच्या दुपारचा खेळ आहे. फ्लॅगला मात्र ते लावता येत नाही, कारण अपेक्षित गुणांचा तक्ता काढायला हजारो खेळी लागतात आणि आपल्याकडे त्या लिहिलेल्याच नाहीत.

मग मैदानावर उरतो अॅडजस्टेड नेट यार्ड. यार्ड अधिक २० गुणिले टचडाऊन, वजा ४५ गुणिले इंटरसेप्शन, वजा सॅकमध्ये गेलेले यार्ड. सगळं भागिले (पास अधिक सॅक). मर्यादा नाहीत, झेलाचं फुकट बक्षीस नाही, सॅक वरही आहेत आणि खालीही. डेव्हिड कारचा तो हंगाम यात ३.२ येतो, म्हणजे जेवढा वाईट होता तेवढाच दिसतो. वरची १८ पासची शीट यात घाला, सॅक शून्य धरून: दोन इंटरसेप्शनला ३.७, चारला उणे १.३. काटा हलला. आता दुसरा क्वार्टरबॅक घ्या: १८ पैकी १०, १२० यार्ड, २ टचडाऊन, इंटरसेप्शन नाही, पण पाच सॅक आणि २२ यार्ड मागे. पासर रेटिंग त्याला ११३.२ देऊन मोकळं होतं. सॅक सोडून हिशेब केला तर अॅडजस्टेड यार्ड ८.९, सॅक धरून ६.०. हा फरक प्रशिक्षकाला सरावात काय घ्यायचं ते सांगतो: पळण्याच्या वाटा लहान करा, चेंडू लवकर सोडा.

२० आणि ४५ हेही १०० यार्डांच्या मैदानाचेच. ५० यार्डांवर ते निम्मे करून बघा, १० आणि २२. हा अंदाज आहे, संशोधन नाही. हंगामभराच्या नोंदी हातात आल्या की बदला. पण दोन क्वार्टरबॅकची तुलना करताना दोघांना एकच आकडा लावा, मध्येच बदलू नका.

टर्फवर खेळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. नियमाचं मैदान एंड झोन धरून ७० यार्ड, म्हणजे ६४ मीटर लांब आणि सुमारे २३ मीटर रुंद. तासावर मिळणारा जाळीतला टर्फ बहुतेक वेळा याहून आखूड निघतो. तिथे यार्ड मोजून काढलेलं कुठलंही माप दुसऱ्या टर्फवरच्या मापाशी जुळणार नाही. अशा वेळी यार्ड सोडून द्या आणि यशस्वी खेळींची टक्केवारी धरा: पहिल्या डाऊनला गरजेच्या ४० टक्के अंतर काढलं, दुसऱ्याला ६०, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर खेळी यशस्वी. सॅक आणि इंटरसेप्शन अर्थातच अयशस्वी. मैदान केवढंही असो, हे टिकतं. माझ्या मते गल्लीपातळीवर एवढं एकच माप नीट ठेवलं तरी पुष्कळ.

शीटला रकाने असे: डाऊन, बाकी अंतर, चेंडू कुठे, पास हवेत किती यार्ड गेला, झेलानंतर किती, निकाल, आणि निकालाचं कारण एका अक्षरात. ‘सु’ म्हणजे रिसीव्हरच्या दोन्ही हातांना लागून सुटला, ‘उ’ म्हणजे बोटांना लागून उडाला, ‘फे’ म्हणजे मुद्दाम बाहेर फेकला, ‘स्पा’ म्हणजे स्पाइक. ‘फे’ आणि ‘स्पा’ टक्केवारीतून वगळता येतात, ‘सु’ रिसीव्हरच्या नावावर टाकता येतात. अक्षर लिहिलं नसेल तर नंतर काहीच करता येत नाही. लिहायला दोन माणसं बसवा, त्यांतला एक प्रतिस्पर्धी संघाचा, आणि मैदानी क्रिकेटमध्ये षटक संपलं की दोन्ही स्कोअरर आकडे जुळवतात तसं दर चढाईनंतर जुळवा. हवेतले यार्ड अंदाजाने लिहिले जातात, तिथे दोन-तीन यार्डांचा फरक पडतोच; त्यासाठी कडेला दर पाच यार्डांवर शंकू ठेवा, मग भांडण कमी होतं.

शंभर पास होण्याआधी कुणाचाही आकडा नावापुढे छापू नका. सामन्याला वीस पास धरले तर पाच सामने.

जून ते सप्टेंबरच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवा. ओला चेंडू बोटांतून निसटतो, ‘सु’ वाढतात, आणि जानेवारीच्या कोरड्या सकाळी खेळलेल्या क्वार्टरबॅकशी त्यांची तुलना केली तर पावसात उभा राहिलेला पोरगा फुकट मारला जातो. कागदाखाली पत्र्याचं पॅड, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि लिहायला पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही.